आधी पडदा, मग संघ

आपल्या विचारपत्रांतून क्रिकेटवर सहसा लिहिले जात नाही. धर्म, शिक्षण, शेतमजुरी, साहित्य, राखीव जागा हे गंभीर विषय आणि क्रिकेट हा पोरांचा विरंगुळा, अशी एक वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी तपासली पाहिजे. एप्रिल-मेच्या महिन्यांत संध्याकाळी साडेसातनंतर कोणत्याही वस्तीत, वसतिगृहात किंवा टपरीवर जाऊन पाहावे. एका मोबाईलवर आठ-दहा डोकी वाकलेली असतात. कोणाच्या अंगात मुंबईचा निळा सदरा असतो, कोणाच्या अंगात चेन्नईचा पिवळा. ह्या पोरांनी संघाच्या मालकाला कधी पाहिलेले नसते, मैदानाचे तिकीट त्यांना परवडत नाही, आणि तरीही संघ हरला की त्यांना रात्री जेवण जात नाही. आपल्या तरुणांची निष्ठा जेथे एवढी खोल रुजली आहे, तेथे ती कोणी रुजवली, कशासाठी रुजवली आणि तिच्या मोबदल्यात त्यांच्या पदरात काय पडले, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही. कविता वाचताना आपण विचारतो की हीत कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिलेले नाही. इंडियन प्रीमियर लीगचे प्रक्षेपण हीदेखील एक रचनाच आहे. तिला तेच प्रश्न विचारले पाहिजेत.

प्रथम ह्या स्पर्धेच्या जन्माचा क्रम ध्यानात घ्यावा. २००७ साली झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग नावाची स्वतंत्र स्पर्धा काढली. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मंडळाकडून मिळेनात, तेव्हा ह्या दूरचित्रवाणी समूहाने स्पर्धाच स्वतःची उभी केली. भारतीय क्रिकेट मंडळाने त्या स्पर्धेत गेलेल्या खेळाडूंना आपली दारे बंद केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वतःच्या लीगची घोषणा केली. म्हणजे भांडणाचे मूळच पडद्यात होते. पुढचा क्रम याहून बोलका आहे. २००८ च्या जानेवारीच्या मध्याला प्रक्षेपणाचे दहा वर्षांचे हक्क सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुप ह्यांना शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले. त्या वेळी एकही संघ अस्तित्वात नव्हता. २४ जानेवारीला आठ शहरांचा लिलाव झाला. मुंबई रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतली. सर्वांत स्वस्त गेलेल्या जयपूरला ६ कोटी ७० लाख डॉलर पडले. आठही शहरांचे मिळून ७२ कोटी डॉलरहून अधिक झाले. २० फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला आणि महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरला घेतले. १८ एप्रिलला बंगळूरला पहिला चेंडू पडला.

आधी पडदा विकला, मग शहरे विकली, मग खेळाडू आणले. चाहता अजून कोठेच नव्हता. आपल्याकडे जत्रेत आधी देव असतो आणि मग त्याच्याभोवती दुकाने लागतात. येथे आधी दुकानांच्या जागांचा लिलाव झाला आणि देव मागाहून आणून बसवले. भक्तांची गर्दी होणार हे मात्र सौद्याच्या दिवशीच गृहीत धरलेले होते.

खेळाडूंच्या लिलावावर त्या वेळी पुष्कळ आरडाओरड झाली. माणसांचा बाजार भरला, असे अग्रलेख निघाले. ही टीका मला वरवरची वाटते. लिलावात उभ्या राहिलेल्या खेळाडूला आपली किंमत कळत होती, ती त्याच्या खिशात जात होती, आणि करारावर त्याची सही होती. ज्याची विक्री त्याला न विचारता, न सांगता झाली तो प्रेक्षक होय. जानेवारीत सोनीने जे विकत घेतले ते क्रिकेट नव्हते. क्रिकेटकडे लागणारे कोट्यवधी डोळे होते. ते डोळे पुढे जाहिरातदारांना दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी विकायचे होते. त्या व्यवहारात डोळ्यांच्या मालकाची सही कोठेच नव्हती.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. ह्या स्पर्धेवर पांढरपेशा वर्गानेही टीका केली, आणि ती टीका व आपली टीका ह्यांत गल्लत होता कामा नये. त्यांचे दुःख असे की सभ्य गृहस्थांचा खेळ तमाशा झाला; पांढरे कपडे गेले, पाच दिवसांचा संयम गेला, मैदानावर नाचगाणी आली. ज्यांना ह्या सभ्य गृहस्थांच्या खेळाचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना ह्या दुःखात सहभागी होणे अवघड आहे.

पालवणकर बाळू ह्यांचे उदाहरण घ्यावे. चर्मकार समाजातील हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची हे त्याचे काम. पुढे हिंदू क्लबाला साहेबांविरुद्ध जिंकायचे होते म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर चेंडू त्याच्या हातून सवर्णांच्या हाती जात होता. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या भांड्यातून. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम ह्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि कर्णधारपदासाठी त्यांच्या भावांचाही विचार झाला नाही, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. तो क्रिकेटच्या मैदानावरील नकार होता. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले.

त्या काळची स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ. १९३७ पासून 'इतर' ह्यांचा पाचवा. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. त्या स्पर्धेत चाहत्याची निष्ठा जन्माबरोबर ठरत असे. तुम्ही कोणाचे हे तुमच्या बापाच्या धर्मावरून कळत होते. जो हिंदूंच्या देवळात जाऊ शकत नव्हता त्याने हिंदूंच्या संघासाठी टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा होती. म्हणून जुन्या निष्ठा पवित्र आणि नव्या निष्ठा भ्रष्ट अशी मांडणी आपल्याला करता येणार नाही. लीगने एक गोष्ट निश्चित केली: जन्माने मिळणाऱ्या निष्ठेच्या जागी निवडीने घेता येणारी निष्ठा आणली. परभणीचा मुलगा चेन्नईचा चाहता होऊ शकतो. पहिल्या वर्षी एक ऑस्ट्रेलियन, शेन वॉर्न, राजस्थानचा कर्णधार होता, आणि अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर विजयाची धाव घेणारा सोहेल तन्वीर पाकिस्तानचा होता. जयपूरच्या माणसांनी ह्या दोघांना आपले म्हटले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि पुढील वर्षापासून पाकिस्तानी खेळाडू दिसेनासे झाले. पण त्या सहा आठवड्यांत एक शक्यता दिसून गेली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

प्रश्न असा की ही निवडीची निष्ठा खरोखर निवडीची राहिली काय? माझे म्हणणे असे आहे की लीगने चाहत्याकडे मागणी केली ती रक्ताच्या नात्याची, आणि त्याला हक्क दिले ते गिऱ्हाइकाचे. आमचे शहर, आमची माती, आमची पोरे, ही भाषा जाहिरातींत वापरली. व्यवहारात मात्र शहर हे मालकाने भाड्याने घेतलेले एक नाव होते.

पुण्याची कथा ह्या बाबतीत उद्बोधक आहे. २०१० साली सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरला पुण्याचा संघ घेतला. २०११ ते २०१३ असे तीन हंगाम तो खेळला. मग शुल्कावरून मालकाचे आणि मंडळाचे भांडण झाले आणि संघ गेला. ज्यांनी तीन वर्षे आपल्या पोरांना त्या संघाचे सदरे घेऊन दिले, त्यांना कोणी काही विचारले नाही. २०१६ साली कलकत्त्याच्या एका उद्योगसमूहाने पुण्याच्या नावाने दुसरा संघ काढला. तोही दोन वर्षांच्या मुदतीचा होता, कारण चेन्नई आणि राजस्थान हे संघ २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते आणि त्यांची जागा भरायची होती. २०१७ साली हा संघ अंतिम सामना एका धावेने हरला आणि त्याबरोबर संपला. चाहत्याने अख्खी निष्ठा द्यावी आणि संघाने मुदत संपताच निघून जावे, असा हा करार. कोचीचा संघ तर २०११ च्या एका हंगामापुरताच जगला. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स २००९ साली विजेता झाला आणि २०१२ साली रद्द झाला.

नावांचेही तसेच. बंगळूरचा संघ २००८ साली विजय मल्ल्या ह्यांच्या मद्यसमूहाने घेतला आणि त्याचे नाव आपल्या एका व्हिस्कीच्या नावावरून ठेवले. आपल्या देशात दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. परंतु संघाचे नाव घेण्याला बंदी कशी घालणार? समालोचक ते नाव सामन्यात शेकडो वेळा घेतात, आणि ज्यांच्या घरात दारूने संसार मोडले त्या घरांतील पोरेही ते नाव भक्तीने घेतात. बाबासाहेबांच्या चळवळीने दारू सोडा म्हणून गावोगाव सांगितले. त्याच गावांत एका व्हिस्कीच्या नावाचा जयघोष पोचवण्याचे काम प्रक्षेपणाने केले, तेही कायद्याच्या एका कलमाला धक्का न लावता.

आता प्रत्यक्ष प्रक्षेपणाकडे वळू. कॅमेरा हा निःपक्षपाती साक्षीदार आहे असा एक भाबडा समज आहे. कॅमेरा कोठे लावायचा आणि कोठे वळवायचा हे ठरवणारी माणसे असतात, आणि त्यांना पगार देणारी आणखी माणसे असतात. लीगच्या आरंभीच्या वर्षांत प्रक्षेपणाची भाषाच विकली गेली. षटकार हा षटकार राहिला नाही. एका बांधकाम कंपनीचे नाव लावून तो 'डीएलएफ मॅक्झिमम' झाला. सामन्यातील आनंदाचा क्षण एका बँकेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २००९ साली स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली तेव्हा प्रत्येक डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची 'डावपेचांची विश्रांती' घुसवण्यात आली. तिचा उपयोग खेळाडूंपेक्षा जाहिरातींना अधिक होता. शब्द आणि वेळ ह्या समाजाच्या दोन सामाईक गोष्टी आहेत. त्या दोन्हींवर मालकी सांगता येते, हे ह्या प्रक्षेपणाने दाखवून दिले.

समालोचक हा प्रेक्षकांचा प्रतिनिधी, असे आकाशवाणीच्या काळापासून आपण मानत आलो. येथे समालोचकाचे काम मालाची वाखाणणी करण्याचे झाले. २०१६ साली हर्षा भोगले ह्यांच्यासारख्या लोकप्रिय समालोचकाला स्पर्धेच्या तोंडावर दूर करण्यात आले, आणि मंडळाने त्याचे कारण जाहीर केले नाही. एकाला काढले की उरलेल्यांना वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

चित्रांच्या मालकीचे एक उदाहरण तर विलक्षण आहे. २५ एप्रिल २००८ ला मोहालीत सामना संपल्यावर मुंबईचा तात्पुरता कर्णधार हरभजनसिंग ह्याने पंजाबच्या श्रीशांतच्या थोबाडीत मारली. देशाने पाहिले ते श्रीशांतचे रडणे. ते पुन्हा पुन्हा दाखवले गेले. प्रत्यक्ष थप्पड मात्र कोणाला दिसली नाही. हरभजनवर उरलेल्या हंगामासाठी बंदी आली. त्या थपडेचे चित्रण अस्तित्वात होते, आणि ते लोकांसमोर आले २०२५ च्या ऑगस्टमध्ये, लीगचे पहिले प्रमुख ललित मोदी ह्यांनी एका मुलाखतीत ते बाहेर काढले तेव्हा. सतरा वर्षे एका माणसाच्या हाती ते चित्र होते. अश्रू विकाऊ होते म्हणून दिसले. मारणारा हात हिशेबात बसत नव्हता म्हणून दिसला नाही. ज्या समाजाच्या वाट्याला नेहमीच मारणारे हात लपवून ठेवलेली चित्रे आली, त्या समाजाला हे तंत्र नवे वाटण्याचे कारण नाही.

नाचणाऱ्या मुलींचा मुद्दाही ह्याच संदर्भात पाहावा. पहिल्या वर्षी परदेशी नर्तिका मैदानावर आल्या आणि महाराष्ट्रात अश्लीलतेचा वाद झाला. २००५ साली ह्याच राज्याने डान्सबार बंद केले होते. त्या बारमधील कित्येक मुली परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतील होत्या. त्या एका रात्रीत बेकार झाल्या. तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना मात्र त्या कायद्यातून सूट होती. तीन वर्षांनी मैदानावरचे नृत्य घरोघर दिसू लागले, वादानंतर चालूही राहिले. नाच तोच, जागा, कातडी आणि तिकिटाची किंमत बदलली की नीतीही बदलते. त्यातही कातडीचा प्रश्न होताच. मोहालीच्या सामन्यातून आपल्याला वर्णामुळे परत पाठवले, असे दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश नर्तिकांनी २००८ च्या मे महिन्यात जाहीरपणे सांगितले. गोऱ्या रंगाचा सोस असलेल्या देशाचा कॅमेराही गोराच शोधणार.

आणि ज्याला कॅमेरा कधी शोधत नाही तो मैदान राखणारा. बाळूंचा वंशज म्हणायचे तर हाच. पाऊस आला की आच्छादन ओढत धावणारी माणसे क्षणभर दिसतात, तेवढ्यात जाहिरात लागते. त्यांचे नाव पडद्यावर येत नाही. २०२४ साली मंडळाने दहा नियमित मैदानांच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी २५ लाख आणि तीन जादा मैदानांना प्रत्येकी १० लाख रुपये बक्षीस जाहीर केले. रक्कम मैदानामागे होती, माणसामागे नव्हे. एकूण झाले २ कोटी ८० लाख. २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत. वर्षाचा हिशेब काढला तर प्रक्षेपणाच्या प्रत्येक दहा हजार रुपयांमागे हे बक्षीस तीन रुपयेही होत नाही. ह्या बक्षिसाच्या बातम्या मात्र ठळक आल्या.

२०१६ चा उन्हाळा मराठी माणसाने विसरू नये. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूरच्या खेळपट्ट्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे उच्च न्यायालयातील याचिकेत मांडले गेले. म्हणजे लातूरच्या तशा बारा गाड्या. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मंडळाचा बचाव असा होता की हे पिण्याचे पाणी नव्हे, आणि सामने हलवून दुष्काळ हटत नाही. दुसरी गोष्ट खरीही असेल. परंतु टँकर आला की रांगेत शेवटी कोणाची वस्ती उभी असते हे ज्यांना ठाऊक आहे, चवदार तळ्याचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाण्याचा प्रश्न केवळ लिटरांत मोजता येत नाही. पडद्यावर त्या हिरवळीला कोरड्या महाराष्ट्राची सीमाच नव्हती. चौकटीच्या आत हिरवे, बाहेर काय आहे ते विचारू नये, हा प्रक्षेपणाचा पहिला नियम.

ह्या पडद्याचा मालक कोण, हे आता स्पष्ट बोलले पाहिजे. २०२३ साली मोबाईलवरील प्रक्षेपणाचे हक्क रिलायन्सच्या नियंत्रणातील कंपनीकडे आले, आणि सामने फुकट दाखवले गेले. मराठी, भोजपुरी, पंजाबी अशा भाषांत समालोचन सुरू झाले. आपली भाषा ऐकून पोरांना आनंद झाला, आणि तो आनंद खोटा नव्हता. २०२४ च्या नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्ने ह्यांचे दूरचित्रवाणी व्यवसाय एकत्र झाले. २०२५ साली फुकटाचे दार लोटले गेले आणि वर्गणी मागण्यात आली. आज मुंबईचा संघ ज्या समूहाचा आहे त्याच समूहाच्या हाती दूरचित्रवाणीचा पडदा आहे, मोबाईलचा पडदा आहे, आणि तो मोबाईल ज्या सेवेवर चालतो ती सेवाही पुष्कळांच्या बाबतीत त्याचीच आहे. गावात पाटील, सावकार आणि दुकानदार एकच असला म्हणजे काय होते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल की चाहता हा निव्वळ फसलेला प्राणी आहे. मला हे मान्य नाही. ज्यांना आपण जागे करायला निघालो त्यांना आधी झोपलेले ठरवणे ही जुनी बौद्धिक गुर्मी आहे. चाहत्यांनी वेळोवेळी आपली इच्छा मालकाच्या इच्छेहून वेगळी आहे हे दाखवले आहे. २०११ च्या लिलावात सौरव गांगुलीला कलकत्त्याच्या संघाने घेतले नाही, तेव्हा त्या शहरातील चाहत्यांनी दादा नाही तर संघही नाही अशी उघड भूमिका घेतली. ५ मे २०१२ ला गांगुली पुण्याचा कर्णधार म्हणून ईडन गार्डनवर उतरला, तेव्हा घरचे मैदान दुभंगले होते. आपली निष्ठा माणसावर आहे, नाममुद्रेवर नाही, असे ते सांगत होते. २०१८ साली कावेरी पाण्याच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलवले गेले, तेव्हा तेथील चाहते खास रेल्वेगाडीने पुण्यास आले. पुण्याचे स्वतःचे दोन संघ गेलेले, आणि मैदान परक्या पिवळ्या रंगाने भरलेले.

२०२४ च्या हंगामासाठी मुंबईच्या मालकांनी रोहित शर्माचे कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिले. वानखेडेवर प्रेक्षकांनी नाणेफेकीच्या वेळी नव्या कर्णधाराची हुर्यो उडवली. एका तरुण खेळाडूला असे छळणे शोभणारे नव्हते, हे खरे. पण त्यांचा खरा राग मालकाच्या निर्णयावर होता आणि मालकापर्यंत पोचायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. त्या वेळी समालोचक संजय मांजरेकर ह्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून बजावले. प्रक्षेपण चाहत्याशी कोणत्या नात्याने बोलते ते ह्या एका शब्दात आले. तुम्ही ओरडावे म्हणून आम्ही भोंगे वाजवतो, फलक धरायला देतो, कॅमेरा तुमच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर आणतो. परंतु ओरडण्याचा आशय तुम्ही ठरवलात तर ती बेशिस्त.

आणि ह्या निष्ठेची सर्वांत मोठी किंमत २०२५ साली बंगळूरमध्ये मोजली गेली. ३ जूनला अहमदाबादेत बंगळूरचा संघ अठराव्या हंगामात प्रथमच विजेता झाला. दुसऱ्या दिवशी विधानसौधच्या पायऱ्यांवर सरकारने सत्कार केला आणि पुढचा समारंभ चिन्नास्वामी मैदानावर ठेवला. मैदानाच्या दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि ११ माणसे मेली. आत समारंभ झाला. पडद्यावर बराच वेळ दोन चित्रे शेजारी शेजारी होती: एकीकडे चषक, दुसरीकडे रस्त्यावर पडलेल्या चपला. अठरा वर्षे ज्या पोरांना तुम्हीच आमचे बळ असे सांगितले, त्यांच्यासाठी दारे किती आणि कोणती उघडायची ह्याचे नियोजन कोणी धड केले नव्हते. डोळे मोजणारी यंत्रणा अचूक होती. माणसे मोजणारी यंत्रणा नव्हतीच.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेविषयी दिलेला इशारा राजकारणापुरता होता. धर्मातील भक्तीविषयी ते वेगळे बोलले. राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे नेते, असे त्यांनी बजावले. खेळातली भक्ती निरुपद्रवी आहे असे आपण समजत होतो. पण खासगी कंपनीच्या संघाचा सत्कार विधानसौधच्या पायऱ्यांवर सरकार करते, मंत्री खेळाडूंबरोबर छायाचित्रे काढून घेतात, तेव्हा खेळातली भक्ती राजकारणाच्या अंगणात आलेली असते. त्या इशाऱ्याची कक्षा तेथे सुरू होते.

मग आपल्या तरुणांना काय सांगावे? क्रिकेट पाहू नका असे सांगणारा प्रचारक दुसऱ्या दिवशी एकटा पडेल, आणि ते योग्यच होईल. विठ्ठल पालवणकरांनी क्रिकेट सोडले नाही. वगळलेल्या भावाच्या बाजूने संघ सोडला, आणि कर्णधार होऊनच दाखवले. खेळ आपलाही आहे. सांगायचे ते एवढेच की निष्ठा असेल तेथे हक्क मागा. जर्मनीतील फुटबॉलमध्ये क्लबाच्या सभासदांकडे निम्म्याहून एक तरी मत अधिक असावे असा नियम आहे. तो काहीसा पळवाटांचा असला तरी धनिकाला क्लब उचलून खिशात घालता येत नाही. बार्सिलोनाचा क्लब त्याच्या सभासदांच्या मालकीचा आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ काढणाऱ्या महाराष्ट्राला सभासदांचा क्रिकेट संघ ही कल्पना परकी वाटू नये. त्या सहकारातही सभासद कोण झाले आणि कोण बाहेर राहिले हे आपण जाणतो, म्हणून दाराशी पहारा आपल्यालाच ठेवावा लागेल. प्रक्षेपणाविषयीही मागणी करता येते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. लीगचे सामने त्या यादीत का नसावेत? सार्वजनिक जमिनीवरील मैदाने, सार्वजनिक पोलीस आणि सार्वजनिक पाणी वापरणाऱ्या खेळावर जनतेचा काही हक्क पोचतो की नाही?

हे प्रश्न टपरीवरच्या त्या आठ-दहा पोरांशी, सामन्याच्या मध्यंतरात, त्यांच्या भाषेत बोलले पाहिजेत. जाहिराती लागतात तेवढा वेळ पुरेसा आहे. त्यांना आपल्या संघाच्या प्रत्येक खेळाडूची सरासरी पाठ असते. त्या खेळपट्टीवर पहाटे रोलर फिरवणाऱ्या माणसाचा पगार किती, हेही त्यांनी एकदा विचारून पाहावे. तो आकडा पडद्यावर येणार नाही. मैदानाच्या मागच्या दाराशी जाऊनच तो विचारावा लागेल.